उतारवयातील त्वचेसाठी घरगुती साबण

कापडाच्या व्यापाऱ्यांना कॉस्टिक सोडा नवा नाही. सुती कापड मर्सराईज करताना गिरणीत तोच लागतो. पण हाच सोडा घरात आणून साबण करायचे ठरले तेव्हा मीही बिचकलो. निमित्त अम्मींचे होते. नगरचा हिवाळा कोरडा, बोअरचे पाणी जड. आंघोळ झाली की त्यांच्या पिंडऱ्यांना खाज सुटे.

वय वाढले की त्वचेतून तेल कमी पाझरते आणि साबण उरलेलेही धुऊन नेतो. तेल आणि सोडा एकत्र आले की साबणाबरोबर ग्लिसरीनही तयार होते. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळे काढून विकले जाते, घरच्या साबणात ते राहते. शिवाय सोडा थोडा कमी घातला तर काही तेल साबण न होता तसेच उरते. घरच्या साबणाचा मऊपणा या दोन गोष्टींमुळे येतो.

एक किलो तेलाचे प्रमाण असे : शेंगदाणा तेल ३५०, खोबरेल ३००, कोकमतेल २५० आणि एरंडेल १०० ग्रॅम. कोकमतेल म्हणजे कोकणात टाचांच्या भेगांना लावतात तो गोळा. त्याने वडी कडक होते. शुद्ध कॉस्टिक सोडा १३८ ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम. तेल बदलले की सोड्याचे प्रमाणही बदलते. सगळे इलेक्ट्रॉनिक काट्यावरच तोलावे. आमचा पहिला घाणा वाटीने मोजला होता. वडीत सोड्याचे पांढरे खडे राहिले, सगळा माल फेकावा लागला.

सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुले दूर हवीत, भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियम सोडा खातो. द्रावण निवून कोमट झाले की वितळलेल्या कोमट तेलात ओतून बासुंदीइतके दाट होईपर्यंत घोटावे आणि साच्यात भरावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापून चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर ठेवाव्यात.

येथेच नवा माणूस फसतो. कोरे कापड धुतल्यावर आटते, तसे साबणाचेही वजन घटते. या घाण्यातून शंभर ग्रॅमच्या साधारण बारा वड्या मिळतील. हिशेब आणि छापील वजन वाळलेल्या वडीचे धरावे. दीड महिना भांडवल अडकते, हेही किमतीत यायला हवे.

आपल्याकडील गिऱ्हाईक चरबीबद्दल हमखास विचारते. आपला माल पूर्ण वनस्पती तेलाचा आहे, तेव्हा वेष्टनावर तेलांची नावे लिहावीत. मात्र 'सुरकुत्या जातात' असे लिहू नये. साबण शेवटी क्षारयुक्तच. हा कमी कोरडेपणा आणतो, इतकेच. अंग ओलसर असतानाच थोडे तेल चोळावे लागतेच. अम्मीही चोळतात.

घरापुरते करण्यास हरकत नाही. विक्रीसाठी मात्र सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू होतात. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी, मगच साचे विकत घ्यावेत.