हॉकी विश्वचषक : लखनौचे यश भारताच्या संधीविषयी काय सांगते?

भारतीय पुरुष हॉकी संघाने १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे नमवून विश्वचषक जिंकला. त्यानंतर २०२३ पर्यंत विश्वचषकाच्या बारा स्पर्धा झाल्या. त्यांपैकी एकाही स्पर्धेत भारताला उपांत्य फेरी गाठता आली नाही. याच काळात २१ वर्षांखालील खेळाडूंच्या कनिष्ठ विश्वचषकावर मात्र भारताने दोनदा नाव कोरले : २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे आणि २०१६ मध्ये लखनौ येथे.

कनिष्ठ गटात जगज्जेते ठरणारे खेळाडू वरिष्ठ गटात गेल्यावर मागे का पडतात? बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्याकडे यजमानपद सोपविण्यात आलेल्या २०२६ च्या विश्वचषकात भारताला किती संधी आहे, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या कोड्यात दडलेले आहे. ते उलगडण्यासाठी लखनौच्या विजयाकडे आणि त्यानंतरच्या वर्षांकडे पाहावे लागते.

लखनौमध्ये काय घडले?

८ ते १८ डिसेंबर २०१६ या काळात लखनौच्या गोमतीनगर भागातील मेजर ध्यानचंद स्टेडियमवर ही स्पर्धा भरविण्यात आली. भारताने साखळीत कॅनडाचा ४-०, इंग्लंडचा ५-३ आणि दक्षिण आफ्रिकेचा २-१ असा पराभव केला. उपांत्यपूर्व सामन्यात पिछाडीवरून स्पेनवर २-१ अशी मात केली. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना २-२ असा बरोबरीत सुटल्यावर शूटआऊटमध्ये गोलरक्षक विकास दहिया याच्या बचावामुळे भारताने ४-२ असा विजय मिळविला. अंतिम सामन्यात गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग यांनी मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. बेल्जियमला आपला एकमेव गोल अगदी शेवटच्या मिनिटाला करता आला.

या विजयाचे एक वैशिष्ट्य फारसे चर्चिले गेले नाही. उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या निर्धारित वेळेत भारताने केलेले चार गोल गुरजंत, मनदीप सिंग आणि सिमरनजीत या तीन खेळाडूंमध्ये विभागले गेले होते. हरमनप्रीत सिंगसारखा निष्णात ड्रॅगफ्लिकर संघात असूनही या दोन सामन्यांत भारत केवळ पेनल्टी कॉर्नरवर विसंबून राहिला नाही.

दुसरे वैशिष्ट्य तयारीचे. प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी हा संघ २०१४ पासून घडविला होता. याच गटाने २०१५ मध्ये पाकिस्तानला ६-२ असे हरवून कनिष्ठ आशिया चषक जिंकला. हरमनप्रीत २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, तर मनदीप २०१४ च्या वरिष्ठ विश्वचषकात खेळून आला होता. लखनौच्या मैदानावर उतरलेला संघ वयाने तरुण होता, पण तो घाईघाईने जमविलेला नव्हता.

घरच्या मैदानाचा लाभ किती?

या यशाचे श्रेय अनेकांनी घरच्या मैदानाला आणि भरगच्च प्रेक्षागाराला दिले. इतिहास मात्र या तर्काला पुष्टी देत नाही. १९७९ पासून खेळविल्या जाणाऱ्या या स्पर्धेत २०१६ पूर्वी एकाही यजमान देशाला विजेतेपद मिळविता आले नव्हते. खुद्द भारत २०१३ मध्ये नवी दिल्लीत यजमान असूनही दहाव्या स्थानावर राहिला होता. वरिष्ठ गटातही २०१० मध्ये दिल्लीत आठवा क्रमांक मिळाला. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सने भारताला २-१ असे पराभूत केले. २०२३ मध्ये भुवनेश्वर येथेच न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊनही भारताला बरोबरी पत्करावी लागली आणि शूटआऊटमध्ये स्पर्धेबाहेर जावे लागले.

प्रेक्षकांचा पाठिंबा सज्ज संघाला बळ देतो, परंतु संघ सज्ज नसेल तर त्याच प्रेक्षकांचे दडपण येते. त्यामुळे २०२६ चा विश्वचषक परदेशात असणे ही भारताची मुख्य अडचण मानता येत नाही.

लखनौचा वारसा

लखनौने ही स्पर्धा भरविण्यामागे मोठी परंपरा होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधील उपकर्णधार आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार कुंवर दिग्विजय सिंग ऊर्फ 'बाबू' शेजारच्या बाराबंकीचे. लखनौचे जुने स्टेडियम त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेता, वाराणसीचा मोहम्मद शाहिद लखनौच्या क्रीडा वसतिगृहात घडला. लखनौच्या अंतिम सामन्याच्या पाच महिने आधी, जुलै २०१६ मध्ये त्याचे निधन झाले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक नोंदविणारी वंदना कटारिया ही देखील याच शहरात शिकली. २०२२ च्या कनिष्ठ महिला विश्वचषकात आठ गोल करणारी मुमताज खान तर लखनौचीच.

शाळकरी वयातील मुलामुलींना निवास, आहार, प्रशिक्षक आणि मैदान एकाच ठिकाणी देणारी ही व्यवस्था आहे. पंजाब आणि ओडिशा येथेही अशा संस्था आहेत. म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत भारतीय खेळाडूला आधार असतो. प्रश्न त्यानंतरच्या काळाचा आहे.

कनिष्ठ विजेते पुढे कोठे गेले?

होबार्टचे उदाहरण प्रथम पाहू. २००१ मध्ये गगनअजित सिंग याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडविला. मुंबईचा वीरेन रास्किन्हा या संघात होता. पुढच्याच वर्षी क्वालालंपूर येथे झालेल्या वरिष्ठ विश्वचषकात भारत दहाव्या स्थानी राहिला. स्पर्धा चालू असतानाच मुख्य प्रशिक्षक सेड्रिक डिसोझा यांना पदावरून दूर करण्यात आले. २००६ मध्ये तर क्रमांक अकरावा होता.

पुण्याजवळच्या खडकीतून आलेल्या धनराज पिल्ले याची कारकीर्द मराठी वाचकांना परिचित आहे. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळूनही त्याला या दोन्ही स्पर्धांत एकही पदक मिळाले नाही. वैयक्तिक गुणवत्तेची तेव्हाही उणीव नव्हती. उणीव होती ती त्या गुणवत्तेभोवती दीर्घकाळ टिकणाऱ्या रचनेची.

लखनौच्या खेळाडूंबाबत चित्र थोडे आशादायक राहिले. त्या संघातील सात खेळाडू २०१८ च्या विश्वचषकात खेळले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४१ वर्षांनंतर पदक मिळविणाऱ्या संघातही त्यांतील सात जण होते. जर्मनीविरुद्ध ५-४ असा जिंकलेल्या त्या कांस्यपदकाच्या सामन्यात सिमरनजीतने दोन गोल केले. मात्र कर्णधार हरजीत सिंग आणि गोलरक्षक विकास दहिया यांना वरिष्ठ विश्वचषकात खेळण्याची संधी मिळाली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या मुख्य संघात लखनौचे चारच खेळाडू उरले होते : हरमनप्रीत, मनदीप, सुमित आणि गुरजंत.

पराभूत बेल्जियम जगज्जेता कसा झाला?

लखनौमध्ये हरलेला बेल्जियम दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, भुवनेश्वर येथे वरिष्ठ गटाचा विश्वविजेता ठरला. २०२१ मध्ये त्याने टोकियोचे ऑलिम्पिक सुवर्णही मिळविले. या देशाने पूर्वी यांपैकी एकही किताब जिंकलेला नव्हता.

या काळात बेल्जियमच्या वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक एकच होते, न्यूझीलंडचे शेन मॅक्लिऑड. रिओ ऑलिम्पिकचे रौप्य, विश्वचषक आणि ऑलिम्पिक सुवर्ण ही तिन्ही पदके त्यांच्याच कारकिर्दीतील आहेत. भारतात मात्र लखनौच्या विजयानंतर रोलंट ओल्टमन्स, शोर्ड मरीने आणि हरेंद्र सिंग असे तीन प्रशिक्षक आले आणि गेले. एप्रिल २०१९ मध्ये ग्रॅहम रीड यांनी सूत्रे स्वीकारली, तेव्हा लखनौच्या अंतिम सामन्याला अडीच वर्षेही झाली नव्हती. विशीच्या उंबरठ्यावरील खेळाडूला या काळात दरवेळी नव्या पद्धतीने खेळायला शिकावे लागले.

रीड यांना दोन वर्षांहून अधिक काळ मिळाला आणि टोकियोत कांस्यपदक आले. २०२३ च्या विश्वचषकातील अपयशानंतर त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले क्रेग फुल्टन हे पूर्वी बेल्जियममध्ये मॅक्लिऑड यांचे सहायक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने पॅरिसमध्ये सलग दुसरे ऑलिम्पिक कांस्य मिळविले. भारताची अलीकडील दोन्ही मोठी पदके प्रशिक्षकाला पुरेसा अवधी मिळाल्यावर आली आहेत.

लीगची पोकळी

दुसरे कारण खेळाडूंना मिळणाऱ्या दर्जेदार सामन्यांचे आहे. युरोपातील खेळाडू वर्षभर क्लब हॉकी खेळतो. २१ वर्षांचा तरुण तेथे दर आठवड्याला अनुभवी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना तोंड देतो. भारतात ही गरज २०१३ मध्ये सुरू झालेली हॉकी इंडिया लीग काही अंशी भागवीत होती. परंतु २०१७ च्या हंगामानंतर ती बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्येच पुन्हा सुरू झाली. लखनौच्या खेळाडूंची २१ ते २८ ही घडणीची वर्षे नेमकी या पोकळीत गेली. जे राष्ट्रीय शिबिरात टिकले त्यांना सामने मिळाले. जे बाहेर पडले त्यांच्यासाठी परतीचा मार्ग अरुंद झाला.

२०२६ चे गणित

विश्वचषकासाठी ऑगस्ट २०२६ हा कालावधी, तर बेल्जियममधील वाव्र आणि नेदरलँड्समधील ॲम्स्टलवेन ही ठिकाणे निश्चित करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारमधील राजगीर येथे दक्षिण कोरियाला ४-१ असे नमवून भारताने आशिया चषक जिंकला आणि विश्वचषकातील स्थान थेट मिळविले.

२०२५ अखेरपर्यंतच्या कामगिरीचा ताळेबंद मांडल्यास जमेच्या आणि उणिवेच्या अशा दोन्ही बाजू दिसतात. पॅरिसमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरविले. १९७२ नंतर ऑलिम्पिकमध्ये या प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेला तो पहिलाच विजय होता. ब्रिटनविरुद्ध तर सामन्याचा बराचसा भाग दहा खेळाडूंनिशी खेळून संघाने शूटआऊट जिंकले. मोठ्या सामन्यात न डगमगण्याची वृत्ती आता या संघात आहे.

उणिवेची पहिली बाब गोलांची. पॅरिसमध्ये भारताने केलेल्या १५ गोलांपैकी १० एकट्या हरमनप्रीतचे होते. ज्या वैविध्यावर लखनौचा विजय उभा होता, ते येथे दिसले नाही. प्रतिस्पर्ध्याने पेनल्टी कॉर्नर रोखले की भारताचे आक्रमण थांबते. दुसरी बाब गोलरक्षणाची. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पदकांचा आधारस्तंभ असलेला पी. आर. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला. तिसरी बाब युरोपातील कामगिरीची. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपीय टप्प्यात भारताने सलग सात सामने गमावले आणि नऊ संघांत आठवे स्थान मिळविले. हे पराभव नेदरलँड्स आणि बेल्जियम या विश्वचषकाच्या यजमान देशांतच झाले होते.

त्यात वेळापत्रकाची अडचण आहे. जपानमधील आशियाई क्रीडा स्पर्धांचा प्रारंभ १९ सप्टेंबर २०२६ असा ठरविण्यात आला. तेथील सुवर्णपदक २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे थेट प्रवेशपत्र देते. अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने दोन शिखरे गाठण्यासाठी संघाला पुरेशा संख्येने तोलामोलाचे राखीव खेळाडू लागतात.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

या सर्वांचा विचार करता उपांत्य फेरी हे भारताचे वास्तव उद्दिष्ट ठरते. १९७५ नंतरचा इतिहास पाहता तेही लहान नाही. विजेतेपद अशक्य नाही. परंतु त्यासाठी जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया यांपैकी किमान दोघांना लागोपाठच्या सामन्यांत हरवावे लागेल, आणि ते केवळ एका ड्रॅगफ्लिकरच्या बळावर घडणे कठीण आहे.

कोणत्याही मोठ्या स्पर्धेपूर्वी संघाची संधी जोखताना जागतिक क्रमवारीपेक्षा तीन गोष्टी अधिक उपयोगी पडतात. मुख्य प्रशिक्षक किमान दोन वर्षे संघासोबत आहे काय? मैदानी गोल करणारे किमान तीन खेळाडू संघात आहेत काय? आणि कनिष्ठ संघातून आलेल्या खेळाडूंना सामने मिळत आहेत की ते केवळ शिबिरात आहेत? लखनौच्या संघाबाबत पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' असे होते. तिसऱ्याचे उत्तर पुढील काळाने अर्धवटच दिले.

डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नई येथे कनिष्ठ विश्वचषकाच्या कांस्यपदकासाठी झालेल्या सामन्यात भारताने अर्जेंटिनाला ४-२ असे हरविले. त्या संघाचे प्रशिक्षक श्रीजेश होते. या खेळाडूंच्या बाबतीत लखनौनंतरची चूक टाळली जाते किंवा नाही, यावर केवळ एका विश्वचषकातील नव्हे, तर त्यानंतरच्याही स्पर्धांतील भारताची संधी अवलंबून आहे.