टाळू दुभंगलेलं बाळ, आईचं दूध आणि कान

आधी शब्दाचा घोळ मिटवते. बाळाच्या डोक्यावर आजी तेल थापते तीही टाळू आणि तोंडाच्या आतलं छप्पर तोही टाळू. आजचा विषय या दुसऱ्या टाळूचा आहे. गर्भाच्या साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी वाढत आलेले भाग मधोमध जुळतात आणि हे छप्पर तयार होतं. ते जुळले नाहीत तर फट राहते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ, टाळू किंवा दोन्ही घेऊन येतं. (ग्रहणात विळी हातात घेतल्याने हे होत नाही. घरात कोणी आईला तसं सुनावत असेल तर कृपया थांबवा.)

आता जरा स्ट्रॉने सरबत प्यायचं आठवा. तोंडाच्या आत हवेचा दाब कमी होतो, म्हणून सरबत वर चढतं. स्ट्रॉला भोक असेल तर कितीही ओढा, हवाच येते. टाळू दुभंगलेल्या बाळाचं नेमकं हेच होतं. तोंड नाकाशी जोडलेलं असल्यामुळे दाब तयारच होत नाही. बाळ तासभर अंगावर असतं, दमतं, झोपून जातं, पण पोटात फारसं गेलेलं नसतं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पिऊ शकतात. टाळूचं तसं नाही. आणि ओठ नीट असेल तर आतली फट कधीकधी लगेच लक्षातच येत नाही. नाकातून दूध येणं आणि वजन न वाढणं या दोन खुणा तेव्हा महत्त्वाच्या.

इथे बहुतेक घरांत एक उडी मारली जाते: अंगावर पीत नाही ना, मग डब्याचं दूध सुरू करा. पण अंगावर पिणं आणि आईचं दूध मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'स्तनपान' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरल्यामुळे आपण त्या एकत्र करून टाकतो.

वेगळेपण का महत्त्वाचं, ते कानात दिसतं. मधल्या कानापासून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. ती उघडणारा स्नायू टाळूत असतो. टाळू दुभंगला की तो नीट काम करत नाही, नळी उघडत नाही आणि पडद्यामागे चिकट पाणी साठतं. अशा जवळपास प्रत्येक बाळात हे होतं. नेमकं बोलणं शिकायच्या वयात ऐकू कमी येतं.

अमेरिकेतल्या जॅक पॅराडाईज आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली टाळू दुभंगलेल्या ३१५ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त डब्याचं दूध मिळालेली २६१ बाळं होती. त्यांपैकी किमान एका तपासणीत, निदान एक तरी कान कोरडा सापडला अशी बाळं फक्त ७. आईचं दूध, पूर्ण किंवा थोडं, काही काळ तरी मिळालेल्या ५४ बाळांमध्ये मात्र १७. म्हणजे २.७ टक्के विरुद्ध जवळजवळ ३२ टक्के.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. एरवी आईचं दूध पिणाऱ्या बाळांचे कान बरे राहतात, ते दुधामुळे की ओढून पिण्याच्या क्रियेमुळे, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकत्रच घडतं. या बाळांना दूध काढून, वेगळ्या साधनाने पाजलेलं होतं. म्हणजे श्रेय दुधाकडे जातं. त्यातली प्रतिपिंडं, विशेषतः आयजीए, घशातल्या जंतूंना आवरत असावीत.

पण हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता. महिनोन्‌महिने दूध काढून पाजू शकणारी आई इतर बाबतीतही वेगळी असू शकते: वेळ, पैसा, घरच्यांचा हातभार. शिवाय ३२ टक्के म्हणजे उरलेल्या बहुतेकांचे कान त्यातही भरलेलेच होते. दूध मदत करतं, कान दुरुस्त करत नाही.

मग पाजायचं कसं? आपल्याकडे वाटी-चमचा आहे, बोंडलं आहे. दाबता येणाऱ्या मऊ बाटल्याही मिळतात, त्यांत बाळाला ओढावं लागत नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरा, थोडं थोडं पाजा, ढेकर जास्त वेळा काढा, कारण हवा खूप गिळली जाते. एका वेळचं पाजणं साधारण अर्ध्या तासात आटपावं, नाहीतर मिळालेली ऊर्जा पिण्यातच खर्च होते. वजनावर लक्ष हवंच, कारण शस्त्रक्रियेची वेळ त्यावरही ठरते. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागलं म्हणून काही बिघडत नाही. वरच्या अभ्यासात थोडं आईचं दूध मिळालेली बाळंही त्या ५४ मध्येच होती.

सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठेक वेळा दूध काढावं लागतं, पंपाने किंवा हाताने. त्यानंतर पाजणं, भांडी उकळणं. हे एकटीच्या अंगावर टाकलं तर दूध टिकत नाही, तेव्हा पाजायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी शिकून घ्यावं. टाळूची शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते, पण त्यानंतर कान लगेच सुधारतीलच असं नाही. ऐकण्याची तपासणी पुढेही काही वर्षं चालू ठेवावी लागते.