विक्रीदालनाच्या अंतर्गत रचनेतील कार्यक्षेत्रांचे परस्परसंबंध : एक विश्लेषण

प्रस्तावना :
दुकानाची अंतर्गत रचना म्हणजे केवळ सजावट नव्हे. ग्राहक, विक्रेता आणि माल या तिघांच्या हालचालींचे ते नियोजन असते. म्हणूनच आराखडा रेखाटण्यापूर्वी कार्यक्षेत्रांचे परस्परसंबंध निश्चित करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात ही पद्धती साड्यांच्या दुकानाच्या उदाहरणाने स्पष्ट केली आहे.

संबंध-तक्ता :
रिचर्ड म्यूथर यांनी १९६१ मध्ये कारखान्यांच्या मांडणीसंबंधीच्या ग्रंथात संबंध-तक्त्याची पद्धती मांडली. पुढे ती अंतर्गत रचनेच्या अध्यापनातही उपयुक्त ठरली. या तक्त्यात प्रत्येक दोन क्षेत्रांमधील संबंधाला अत्यावश्यक, विशेष महत्त्वाचा, महत्त्वाचा, साधारण, बिनमहत्त्वाचा अथवा अनिष्ट अशी श्रेणी दिली जाते व तिचे कारणही नोंदविले जाते. प्रवेशद्वार, दर्शनी मांडणी, बैठक, गल्ला, बांधणी, फॉल-पिको, गोदाम आणि माल उतरविण्याची जागा अशी आठ क्षेत्रे मानल्यास २८ जोड्या तपासाव्या लागतात.

संबंधांचे स्वरूप :
संबंध म्हणजे केवळ जवळीक नव्हे. बैठक व गोदाम यांच्यात हालचालीचा संबंध अत्यावश्यक असतो; कारण विक्रेत्याला नवा माल आणण्यासाठी वारंवार उठावे लागते. गल्ला व प्रवेशद्वार यांच्यात मात्र अंतर असले तरी चालते, नजर पोहोचली पाहिजे. फॉल-पिकोचे काम बैठकीला सोयीचे, परंतु यंत्राचा आवाज तेथे नको असतो. अशा वेळी मध्ये भिंत व देवघेवीपुरती खिडकी ठेवता येते.

मालाची वाट व ग्राहकांची वाट एक होणे अनिष्ट होय. दारात ठेवलेले गठ्ठे एरवी अडचण करतात; आग लागल्यास तेच जिवावर बेततात. जुन्या बाजारपेठेतील अरुंद दुकानांना बहुधा एकच दार असते. तेथे जागेने साधत नाही ते वेळेने साधावे लागते : दुकान उघडण्यापूर्वी माल उतरवून गोदामात पोहोचविणे हाही रचनेचाच भाग ठरतो.

तक्त्यावरून वर्तुळाकृती तयार करताना अत्यावश्यक संबंध जाड रेषेने दाखवावेत व एकमेकींना छेदणाऱ्या रेषा कमी होईपर्यंत वर्तुळांच्या जागा बदलाव्यात.

समारोप :
तक्ता स्वतः निर्णय देत नाही. तो निर्णयामागील कारणे उघड करतो. विद्यार्थ्यांनी वर्गात बसून श्रेणी भरल्यास तो केवळ अंदाजांचा संग्रह होतो. प्रत्यक्ष दुकानात दिवसभराचे निरीक्षण करून, विक्रेते व कामगार यांना विचारून तो भरला, तरच आराखड्याला भक्कम आधार मिळतो.