रविवारची सुट्टी कुणी दिली? कामगार कायदे आजही का हवेत



"रविवारी सुट्टी का असते?" हा प्रश्न वर्गात विचारून बघा. कॅलेंडरमध्ये तारीख लाल असते म्हणून, असं उत्तर हमखास येतं! हसू येतं खरं, पण खरं उत्तर आपल्यापैकी तरी किती जणांना ठाऊक असतं?

मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टीच नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या पाठिंब्याचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार. त्यांतली रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. नुसती एक सुट्टी, आणि सहा वर्षं!

आता कुणी म्हणेल, ते इंग्रजांच्या काळातलं झालं. आज ज्याला परवडेल तो काम करतो, नाही परवडलं तर सोडतो, कायदा कशाला? पण करार करणारे दोघे सारखे असतात का? मालकाला माणूस उद्या मिळाला तरी चालतं. कामगाराला मात्र किराणा आजच भरायचा असतो. अशा वेळी तो कशावरही सही करेल. म्हणून कायदा सांगतो, किमान वेतनापेक्षा कमी पगारावर सही घेतली असेल तरी त्या सहीला अर्थ नाही.

ग्रॅच्युइटीचं बघा. नोकरीची पाच वर्षं झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. शेवटचा पगार १५,००० आणि नोकरी १० वर्षं असेल, तर १५,००० ला २६ ने भागायचं, १५ ने आणि मग १० ने गुणायचं. साधारण ८६,५०० रुपये होतात. (मोठ्या मुलांना गणिताला द्यायला छान आहे बरं का!) ही रक्कम चुकवायला काय करतात, तर ठरावीक मुदतीवर माणूस घ्यायचा आणि पाच वर्षं भरू द्यायचीच नाहीत. २९ जुने कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत अशा मुदतीच्या कामगारांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. पळवाट निघाली की कायद्याला मागे धावावं लागतंच.

सध्याची मोठी पळवाट म्हणजे 'पार्टनर' हा शब्द. घरी जेवण आणून देणारा मुलगा अ‍ॅपच्या लेखी कामगार नसतो, पार्टनर असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक हे कामगारच आहेत असं ठरवलं. आपल्या नव्या संहितेत अशा गिग कामगारांचा उल्लेख आला, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे असंही आलं. पण किमान वेतन? कामाच्या तासांची मर्यादा? ते अजून नाही. माझ्या मते हे अर्धंच काम आहे.

पालकांना एक विनंती. कंपनीकडून नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप मागून घ्या. स्लिपवर पीएफ कापलेला दिसला, तर तेवढाच मालकाचा वाटाही भरला गेलाय का, ते पासबुकात पाहा. मोबाईलवर दिसतं. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.