वाघिणीतला माल : मॉडेल रेल्वेसाठी खरा वाटणारा भार

आपल्या शाळेच्या प्रदर्शनात विद्यार्थी मालगाडीची प्रतिकृती मांडतात, हे अनेक पालकांनी पाहिले आहे. इंजिन आणि चाके बाजारातून आणलेली असतात. वाघिणींचे सांगाडे पुठ्ठ्याचे असतात आणि त्यांतला माल मुले स्वतः तयार करतात. तो कसा करतात, अशी विचारणा वारंवार होते. त्यासाठी हे टिपण.

प्रथम आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही एका वाघिणीत कोळसा आणि दुसरीत लोहखनिज भरले. दोन्ही शिगोशीग. प्रदर्शनाच्या दिवशी एक पालक बराच वेळ त्या गाडीपुढे उभे राहिले. त्यांचे आयुष्य रेल्वेच्या सायडिंगवर वाघिणी भरण्यात गेले होते. ते संकोचाने म्हणाले, “सर, कोळशाची बरोबर आहे. पण लोखंडाचा दगड एवढा भरला तर वाघीण जागची हलायची नाही.” त्यांनी वाघिणीच्या निम्म्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “इथपर्यंत, बस्स.”

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हिशेब मांडला. भारतीय रेल्वेची ‘बॉक्सएन’ ही उघडी वाघीण आतून सुमारे ९.७८ मीटर लांब, २.९५ मीटर रुंद आणि १.९५ मीटर उंच असते. म्हणजे तिच्यात ५६ घनमीटर जागा आहे. मूळ आराखड्याप्रमाणे ती सुमारे ५८ टन माल वाहते. एक घनमीटर सुटा कोळसा साधारण ८०० ते ९०० किलो भरतो. त्यामुळे वाघीण काठोकाठ भरली तरी वजनाची मर्यादा गाठली जात नाही आणि वर शीग चढते. लोहखनिज मात्र घनमीटरला दोन ते अडीच टन भरते. ५८ टन होताहोता वाघीण निम्म्याच्या आसपासच भरलेली असते. त्या पालकांचे बोट अचूक जागी होते.

यातून आम्ही एक नियम घेतला. हातात डिंक घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे : माल कोणता? तो कोठून कोठे चालला आहे? तो कोणी आणि कशाने भरला? आणि तो किती वजनाचा आहे? इतिहासात साधने तपासल्याशिवाय विधान करीत नाहीत, तसेच हेही आहे.

भरण्याच्या रीतीवरून राशीचा आकार ठरतो. उंच कोठाराखालून वाघिणी सावकाश पुढे सरकत असताना कोळसा सोडला, तर लांबलचक, सलग कणा तयार होतो. यंत्राच्या बादलीने ओतला, तर दोनतीन वेगवेगळे उंचवटे दिसतात. सुट्या कोळशाचा उतार साधारण ३५ ते ४० अंशांचा असतो. त्याहून उभा ढीग डोळ्यांना लगेच खोटा वाटतो.

त्यानंतर कणांचे माप. आमची प्रतिकृती १:८७ या प्रमाणात आहे. खऱ्या वाघिणीतला १०० मिलिमीटरचा ढेकूळ येथे जेमतेम १.१५ मिलिमीटरचा होतो. म्हणून खरा कोळसा कापडात गुंडाळून फोडावा आणि चहाच्या गाळणीने चाळावा. गाळणीखाली पडलेली पूड आणि वर राहिलेले बारीक कण मिसळून वापरावेत, कारण खऱ्या कोळशातही चुरा असतोच. रंगाकडेही लक्ष द्यावे. चंद्रपूरकडचा कोळसा असो वा झरियाचा, धूळ बसल्यावर तो निव्वळ काळा न दिसता करडा दिसतो. किरंदूलहून विशाखापट्टणमला जाणारे बैलाडिल्याचे खनिजही विटेसारखे एकरंगी लाल नसते; त्यात तांबूस आणि काळपट करड्या छटा मिसळलेल्या असतात.

आता कृती. वाघिणीच्या आतल्या मापाचा थर्माकोलचा तुकडा कापावा. आमच्या प्रमाणात हे माप सुमारे ११२ बाय ३४ मिलिमीटर येते. प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर कमी ठेवावा, म्हणजे तुकडा सहज निघतो. वरचा भाग घासून ठरवलेला उतार द्यावा आणि मालाच्याच रंगाने रंगवावा, म्हणजे फटींतून पांढरे डोकावत नाही. त्यावर फेव्हिकॉल पसरून कण पेरावेत. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने हळूहळू सोडावे. या थेंबामुळे पाणी कणांवर न साचता आत झिरपते. रात्रभर वाळू द्यावे. थर्माकोलमध्ये पृष्ठभागालगत लोखंडी वॉशर बसवून ठेवला, तर लोहचुंबकाने माल उचलता येतो आणि गाडी रिकामी परत पाठवता येते.

वाघीण फार हलकी असेल तर वळणावर घसरते. अमेरिकेतील राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या प्रमाणाच्या वाघिणीचे वजन २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम असावे. आमच्या वाघिणीला ते सुमारे ९७ ग्रॅम येते. कमी पडणारे वजन मालाखाली, तळाशी ठेवावे.

काळ बदलला की मालही बदलतो. ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. तेथील अनेक छांदिष्ट वाफेच्या इंजिनांचा काळ उभा करतात. तेव्हाच्या लाकडी फळ्यांच्या वाघिणी दहाबारा टनांच्याच असत. त्यांत कोळशासाठी मोठे ढेकूळ शोभतात, तर खाणीतले छत पेलणाऱ्या लाकडी टेकूंसाठी झाडांच्या वाळक्या काटक्या. आपल्या ‘बॉक्सएन’मध्ये तेच ढेकूळ विसंगत दिसतील.

प्रत्येक वाघिणीजवळ आम्ही आता एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर या चार प्रश्नांची उत्तरे असतात. त्या पालकांचा मुलगा तेव्हा आठवीत होता. प्रवेशअर्जात त्याने वडिलांचा व्यवसाय ‘मजुरी’ एवढाच लिहिला होता. पुढच्या प्रदर्शनात लोहखनिजाची चिठ्ठी त्याने स्वतः लिहिली. चार उत्तरांखाली त्याने एक ओळ वाढवली होती : ‘माहिती देणारे : माझे वडील. वाघिणी भरण्याचा अनुभव २२ वर्षे.’

पुढील वर्षी मालधक्क्यावरील सिमेंट आणि खताची पोती करण्याचा विचार आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी वा पालकांनी ती वाहिली आहेत, थप्पी लावली आहे, त्यांनी एखाद्या रविवारी शाळेत येऊन मुलांना ती कशी रचतात हे दाखवावे, ही विनंती.