पाण्यांत उभें, तरी तहानेलें

भर पावसाळ्यांत पाण्यांत उभें असलेलें पीक तहानेनें मरतें, असें कोणी सांगितल्यास वाचकांस हसूं येईल. परंतु हा प्रकार मीं स्वतःच्या शेतांत पाहिला आहे. काळ्या जमिनीच्या सखल तुकड्यांत श्रावणांत सलग तीन दिवस पाणी तुंबलें. चौथ्या दिवशीं ऊन पडतांच तुरीनें माना टाकल्या. पीक भुकेलें असावें अशा समजुतीनें मीं वर रासायनिक खत फेकलें, आणि उरलेंसुरलें पीकहि गमावलें. चूक कोठें झाली हें कळण्यास झाड खातें-पितें कसें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मुळाच्या टोंकाच्या किंचित मागें अत्यंत सूक्ष्म केस असतात. जाड मुळें आधार देतात. पाणी पिण्याचें काम मुख्यतः कोंवळ्या मुळांचें व या केसांचें. केसांतील रस मातींतील पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी पातळ पडद्यांतून त्या रसाकडे ओढलें जातें. मनुका पाण्यांत घातली असतां फुगते, तोच हा न्याय. नत्र, स्फुरद व पालाश यांचे क्षार मात्र केवळ पाण्यामागून आपोआप येत नाहींत. ते आंत घेण्यास मुळास शक्ति खर्चावी लागते, व ती श्वासोच्छ्वासापासून मिळते.

आंत आलेलें पाणी लांकडांतील बारीक नळ्यांतून वर चढतें. खालून मुळांचा थोडा रेटा असतो, परंतु खरी ओढ पानांची. पानांच्या छिद्रांतून वाफ निघून जाते, आणि तिच्यामागें पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. हें मत डिक्सन व जोली यांनीं 1894 सालीं मांडलें व तेंच आज ग्राह्य आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज गृहस्थानें 1727 सालच्या ग्रंथांत एका सूर्यफुलाच्या झाडाचें माप दिलें आहे. तें झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी 20 औंस पाणी हवेंत सोडी. शोषलेल्या पाण्यापैकीं शेंकडा 95 हून अधिक भाग असाच उडून जातो. पानांत तयार झालेलें अन्न मात्र सालीच्या आंतील थरांतून खालीं मुळांपर्यंत पोंचतें.

आतां माझ्या तुरीकडे वळूं. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरल्यामुळें मुळांस हवा मिळेना. गुदमरलेलें मूळ पाणी आंत घेईना, आणि वर उन्हानें पानांची मागणी तर वाढलेली. त्यांत मीं खत घालून मातींतील पाणी अधिक खारें केलें. अर्थात् आंत येणारें थोडें पाणीहि अडलें. खारवट जमिनींत ओल दिसत असूनहि पीक सुकतें, त्याचें कारण हेंच. नीरेच्या कालव्याखालीं पाणथळ व खारवट झालेल्या जमिनींनीं हा धडा पूर्वींच दिलेला आहे.

आपले वाडवडील वाफसा आल्यावांचून शेतांत पाऊल घालीत नसत. वाफसा म्हणजे मातींत पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणांत असणें. म्हणून भारी जमिनींत पेरणीपूर्वीं उताराच्या अंगानें चर काढावे, तूर वरंब्यावर लावावी, व तुंबलेलें पाणी प्रथम बाहेर काढावें. खत वाफसा आल्यावर, बेताबेतानें द्यावें. फळझाडास तें बुंध्याशीं न देतां फांद्यांच्या घेराखालीं द्यावें, कारण खाणारीं बारीक मुळें बहुधा तेथें असतात.

पुढील पावसाळ्यांत मीं खताच्या पोत्याआधीं कुदळ उचलली. त्याच सखल तुकड्यांत तूर उभी राहिली.