कोळशाचे वायुकरण

दगडी कोळसा, लिग्नाइट अथवा कोक यांची उच्च तापमानास वाफ आणि हवा किंवा ऑक्सिजन यांच्याशी विक्रिया घडवून त्यांचे ज्वलनशील वायूत रूपांतर करण्याच्या प्रक्रियेस ‘कोळशाचे वायुकरण’ म्हणतात. मिळणाऱ्या मिश्रणात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असून त्याला संश्लेषण वायू ही संज्ञा आहे. ज्या देशांत कोळसा विपुल, परंतु खनिज तेल व नैसर्गिक वायू तुटपुंजे आहेत, त्यांच्या दृष्टीने या प्रक्रियेस विशेष महत्त्व आहे.

इतिहास : विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये कोळशाच्या ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या वायूने आपले घर उजळले. १८१२ मध्ये लंडन येथे वायुपुरवठा करणारी कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या रस्त्यांवर असे वायुदीप १८६५ मध्ये लागले. हवा किंवा वाफेच्या योगे संपूर्ण कोळशाचे वायुकरण करण्याच्या पद्धती नंतर विकसित झाल्या. १९२० नंतरच्या काळात जर्मनीत विंक्लर व लुर्गी या पद्धती पुढे आल्या. फिशर व ट्रॉप्श यांनी संश्लेषण वायूपासून द्रव इंधने मिळविण्याची रीत शोधली आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तिचा उपयोग केला. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्ग येथे १९५५ पासून व पुढे सेकुंडा येथे याच मार्गाने मोठ्या प्रमाणावर इंधने तयार होऊ लागली.

प्रक्रिया : कार्बनाच्या अंशतः ज्वलनाने उष्णता निर्माण होते. तप्त कार्बनाची वाफेशी होणारी विक्रिया ही उष्णता शोषून घेते. या दोहोंचा समतोल राखणे हे वायुकारित्राच्या रचनेचे मर्म होय. हवा वापरल्यास वायूत सु. निम्मा नायट्रोजन राहतो व त्याचे उष्णतामूल्य कमी होते. म्हणून रसायननिर्मितीसाठी बहुधा ऑक्सिजन वापरतात. कोळशाच्या तुकड्यांचा सावकाश खाली सरकणारा थर, वायूच्या झोताने उकळत्या द्रवासारखा खळबळणारा बारीक कणांचा थर आणि ऑक्सिजनाबरोबर आत फवारलेली भुकटी असे वायुकारित्रांचे तीन मुख्य प्रकार आहेत. तयार वायूतील धूळ, डांबर व हायड्रोजन सल्फाइड काढून टाकतात. त्यानंतर वाफेच्या विक्रियेने हायड्रोजनाचे प्रमाण वाढवून अमोनिया, मिथेनॉल अथवा कृत्रिम नैसर्गिक वायू तयार करता येतो.

भारत : भारतात कोळशाचे साठे ३५० अब्ज टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, उलट खनिज तेलाच्या गरजेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग व नैसर्गिक वायूचा सु. निम्मा भाग आयात होतो. ही विषमता दूर करण्याच्या हेतूने तालचेर (ओडिशा) व रामगुंडम (तेलंगण) येथे कोळशावर आधारित खतकारखाने उभारण्यात आले व १९८० मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तथापि वीजपुरवठ्यातील खंड, यंत्रसामग्रीतील बिघाड व कोळशाची प्रत यांमुळे ते अपेक्षित क्षमता गाठू शकले नाहीत. २००२ मध्ये शासनाने ते बंद करण्याचा निर्णय घेतला. रामगुंडम येथील कारखाना २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला, तो मात्र नैसर्गिक वायूवर. तालचेर येथे कोळशाच्या वायुकरणावरच आधारलेल्या नव्या प्रकल्पाची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. ओडिशातील अंगुल येथे संश्लेषण वायूचा उपयोग स्पंज लोखंडासाठी करण्यात आला आहे. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाच्या वायुकरणाचे उद्दिष्ट केंद्र शासनाने ठरविले असून जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.

अडचणी व मूल्यमापन : भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३५ ते ४५ टक्के असते. ही राख तापविण्यात व काढून टाकण्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय परदेशी वायुकारित्रे बहुधा कमी राखेच्या कोळशासाठी आखलेली असतात. पाण्याची गरज मोठी असून भांडवली खर्चही जास्त आहे. खनिज तेल महाग होताच या प्रक्रियेचे आकर्षण वाढते व ते स्वस्त होताच ओसरते. कार्बन डाय-ऑक्साइड तर मोठ्या प्रमाणात बाहेर पडतोच. मात्र तो वायूच्या शुद्धीकरणात पुष्कळसा संहत स्वरूपात वेगळा होत असल्याने साठविणे तुलनेने सुलभ असते. उत्तर डकोटातील (अमेरिका) एका कारखान्यातून तो २००० पासून नळाने कॅनडातील तेलक्षेत्रात नेला जातो. असे साठवण झाले नाही, तर वायुकरणाने आयात घटली तरी वातावरणावरील भार कमी होत नाही. देशाच्या ऊर्जापुरवठ्यात या प्रक्रियेस किती स्थान मिळेल, हे राखाळ कोळशास अनुरूप वायुकारित्रे व या साठवणाचा खर्च यांवर अवलंबून राहील.